तीळ थांबतो, मेलॅनोमा का थांबत नाही?

मेलॅनोमा हा त्वचेचा अत्यंत घातक कर्करोग. बीआरएएफ या जनुकातला एक बिघाड सुमारे निम्म्या मेलॅनोमांमध्ये असतो, हे २००२ मध्ये कळलं. या बिघाडामुळे पेशीला विभागत राहण्याचा हुकूम अखंड मिळत राहतो. पुढे मात्र हाच बिघाड बहुतेक साध्या, निरुपद्रवी तिळांतही सापडला! तीळ काही मिलिमीटर वाढतो आणि वर्षानुवर्षं तेवढाच राहतो. म्हणजे नुसता हुकूम पुरत नाही, पेशीला आवरणारं काहीतरी ढासळावंही लागतं. मला हाच या रोगातला कळीचा प्रश्न वाटतो, आणि त्याच्या उत्तराचा एक भाग जनुकांपेक्षा जनुकांच्या बांधणीत आहे.

आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे २ मीटर डीएनए असतो. तो हिस्टोन प्रथिनांभोवती रिळावरच्या दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. एकेका रिळावर डीएनएच्या १४७ अक्षरजोड्या. या साऱ्या बांधणीला क्रोमॅटिन म्हणतात. घट्ट गुंडाळीत अडकलेलं जनुक पेशीला वाचता येत नाही. वाचायचं तर रिळं सरकवावी लागतात, आणि पेशीचं इंधन असलेल्या एटीपीची ऊर्जा खर्चून हे काम करणाऱ्या प्रथिनसंकुलांपैकी एक म्हणजे स्विच-स्निफ. ते आधी यीस्टमध्ये सापडलं, साखरेवर नीट वाढू न शकणाऱ्या यीस्टचा अभ्यास चालू असताना. आज माणसाच्या सुमारे २० टक्के कर्करोगांत या संकुलाचा कुठला ना कुठला घटक बिघडलेला आढळतो.

मेलॅनोमात वारंवार निकामी होणारा घटक आहे एआरआयडी२. २०१२ मध्ये त्याचं नाव पुढे आलं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेच्या डीएनएत हजारो बदल होतात आणि त्यातले बहुसंख्य निरर्थक असतात. पण एआरआयडी२ मधले अनेक बदल प्रथिन अर्धवट तोडणारे आहेत, त्यामुळे ते योगायोगाने जमा झालेत असं म्हणता येत नाही.

याच संकुलाचं इंजिन असलेलं बीआरजी१ हे प्रथिन मात्र मेलॅनोमाच्या पेशींना हवं असतं. मेलॅनोमा त्वचेतल्या ज्या रंगपेशींपासून होतो, त्यांची ओळख टिकवणारं एमआयटीएफ हे प्रथिन बीआरजी१च्या मदतीने काम करतं. बीआरजी१ काढून घेतलं तर मेलॅनोमाच्या पेशी तग धरत नाहीत. एकाच यंत्रणेचा एक भाग मोडणं रोगाच्या सोयीचं, तर दुसरा शाबूत राहणं त्याच्या गरजेचं. म्हणून 'स्विच-स्निफ बिघडलं की कर्करोग' हे सरसकट विधान मला पटत नाही.

एआरआयडी२ गमावण्याची किंमतही रोगाला मोजावी लागते. २०१८ मध्ये उंदरांच्या मेलॅनोमा पेशींवर प्रयोग झाले. एआरआयडी२ किंवा त्याचा जोडीदार पीबीआरएम१ काढून टाकल्यावर त्या पेशी प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना सहज बळी पडू लागल्या. इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनाच्या इशाऱ्याला प्रतिसाद देणारी जनुकं त्यांच्यात अधिक मोकळी झाली होती. इम्युनोथेरपी, म्हणजे प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढवणारे उपचार, कुणाला लागू पडेल याचा अंदाज बांधायला म्हणूनच क्रोमॅटिनकडे पाहिलं जातं आहे.

हे बरंचसं ज्ञान गोऱ्या, उन्हाने पोळलेल्या त्वचेतून आलेलं आहे. भारतात मेलॅनोमा विरळा, आणि होतो तेव्हा अनेकदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली. तिथे उन्हाचा हात फारसा नसतो, बीआरएएफचा बिघाडही कमी आढळतो. त्याऐवजी गुणसूत्रांची मोठी मोडतोड दिसते. तळपायावर पसरत जाणारा काळा डाग किंवा न भरणारी जखम काट्याची समजून अंगावर काढू नये, त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावी.