कोटणीसांचा सिनेमा आणि बंद दाराआडचं

चरित्रपटात प्रणयदृश्य हवं की नको, हा वाद सोलापुरात थिएटरच्या अंधारातच मिटतो. तसलं काही येतंय असं दिसलं की वडील मुलाला पाण्याची बाटली आणायला पिटाळतात. २०२३ च्या जुलैत अणुबॉम्बवाल्या शास्त्रज्ञावरचा ‘ओपनहायमर’ आला, तेव्हा एका अभिनेत्रीच्या अंगावर संगणकानं काळा झगा चढवूनच तो भारतात दाखवला. तरी ओरड झालीच, कारण एका प्रणयदृश्यात गीतेतली ओळ होती. ज्या बाईचं ते आयुष्य, ती ओपनहायमरची प्रेयसी जीन टॅटलॉक १९४४ मध्येच गेली. तिच्या बाजूनं फारसं कुणी बोललं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न आधीपासूनच असा भलत्या टोकानं धरला गेला. गावातलंच उदाहरण घ्या. डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४१ मध्ये तिथल्या परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि ९ डिसेंबर १९४२ ला ते वारले. चारच वर्षांनी, १९४६ मध्ये, व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. कोटणीस स्वतः शांताराम झाले आणि छिंगलान झाल्या जयश्रीबाई. म्हणजे खरे नवराबायकोच पडद्यावरचे नवराबायको. त्या वेळी खऱ्या छिंगलान तिकडे चीनमध्ये हयात होत्या, लहान पोर वाढवत होत्या. सिनेमाची मूळ कथा ख्वाजा अहमद अब्बास यांची.

हेच अब्बास पुढे सेन्सॉरविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या माहितीपटात मुंबईच्या वेश्यावस्तीची दृश्यं होती. १९७० च्या निकालात पूर्वपरीक्षण वैध ठरलं, पण कलेचा विचार करा असंही न्यायालयानं बजावलं. त्याच्या आदल्या वर्षी सेन्सॉरबद्दल नेमलेल्या खोसला समितीनं तर कथेची गरज असेल तर चुंबन आणि नग्नताही चालेल असं म्हटलं होतं. दोन्हीकडे मोजमाप एकच : किती दाखवायचं. कुणाचं दाखवतोय, हे कुणी विचारलं नाही.

ते विचारलं फूलनदेवीनं. १९९४ मध्ये स्वतःच्याच आयुष्यावरच्या ‘बँडिट क्वीन’ विरुद्ध ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली. माझ्यावरचा बलात्कार मला न विचारता पडद्यावर का, एवढंच तिचं म्हणणं. ते प्रकरण तडजोडीत संपलं. १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा जो निकाल सगळे उठताबसता सांगतात, तो दुसऱ्याच माणसाच्या याचिकेवरचा. त्यात ठरलं ते एवढंच, की ती नग्नता वासना चाळवण्यासाठी नाही, तिची विटंबना दाखवण्यासाठी आहे. फूलनच्या प्रश्नाला त्यात उत्तर नाही. गंमत म्हणजे त्याच १९९४ मध्ये ‘राजगोपाल’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की लग्न, कुटुंब, अपत्यं यांबद्दल संमतीशिवाय छापता येणार नाही, सार्वजनिक दप्तरात असेल तेवढं सोडून.

पण हे हयात माणसासाठी. दिवंगत अभिनेता सुशांतसिंह राजपूतच्या वडिलांनी त्याच्या आयुष्यावरचा सिनेमा थांबवायला अर्ज केला, तेव्हा २०२३ च्या जुलैतच दिल्ली उच्च न्यायालय म्हणालं, खासगीपणाचा हक्क माणसाबरोबर संपतो, तो वारसाला मिळत नाही.

कोटणीसांचा मुलगा १९६७ मध्ये गेला, छिंगलान २०१२ मध्ये. उद्या कुणी त्यांच्यावर नवा सिनेमा काढला आणि लग्नाची पहिली रात्र त्यात घातली, तर ‘आमचं काय दाखवताय?’ म्हणायला तिघांपैकी कुणीच उरलेलं नाही.