हेसिकॅझम

पौर्वात्य ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील, येशूच्या नामाच्या अखंड प्रार्थनेतून अंतःकरणाची स्थिर शांती साधण्याचा मार्ग. ‘हेसिकिया’ म्हणजे निश्चलता या ग्रीक शब्दावरून हे नाव पडले असून या मार्गाने जाणाऱ्या साधकास ‘हेसिकास्ट’ म्हणतात. बायबलच्या नव्या करारातील काही वचने या साधनेची बैठक मानली जातात : शिष्यांचा निरोप घेताना येशूने दिलेले, जगाने दिलेल्या शांतीहून वेगळ्या शांतीचे आश्वासन (योहान १४:२७), सर्व बुद्धीच्या पलीकडच्या देवाच्या शांतीविषयी पौलाने फिलिप्पैकरांना लिहिलेले वचन (४:७) आणि ‘निरंतर प्रार्थना करा’ ही थेस्सलनीकाकरांना केलेली आज्ञा (५:१७). मठवासी परंपरेने यांतील शेवटच्या आज्ञेचा शब्दशः अर्थ घेतला आणि खाता-पिता, चालता-बोलता, किंबहुना झोपेतही प्रार्थना कशी चालू राहील, हा प्रश्न गांभीर्याने हाताळला.

अभ्यासकांच्या लिखाणात ही संज्ञा एकाच अर्थाने येत नाही. चौथ्या शतकापासूनचा एकांतवासी मठजीवनाचा प्रकार, श्वास व आसन यांच्या साहाय्याने करावयाची येशू-प्रार्थना, चौदाव्या शतकातील ग्रेगरी पालामास याचे धर्मशास्त्र आणि त्याच शतकात बायझंटिन व स्लाव्ह प्रदेशांत पसरलेली सांस्कृतिक चळवळ असे तिचे चार अर्थ ऑर्थोडॉक्स इतिहासकार जॉन मेयेनडॉर्फ यांनी वेगळे करून दाखविले. उगमासंबंधीच्या वादांपैकी बरेचसे हे अर्थ एकमेकांत मिसळल्यामुळे झालेले आहेत.

साधनेचे सर्वांत जुने धागे ईजिप्तमधील वाळवंटी तापसांपर्यंत पोहोचतात. अंतोनी (मृत्यू ३५६) याच्यानंतरच्या पिढ्यांत नित्रिया, केल्लिया आणि स्केतिस येथे एकांतवाशांच्या वसाहती होत्या. राजदरबार सोडून आलेल्या आर्सेनियस याला ‘पळ, मौन धर, निश्चल राहा’ असा आदेश ऐकू आल्याची कथा वाळवंटी वडिलांच्या वचनसंग्रहांत आढळते. या अनुभवांना शास्त्राची शिस्त लावली ती इव्हाग्रियस (सु. ३४५–३९९) याने. खादाडपणापासून गर्वापर्यंत आठ प्रकारचे ‘विचार’ मनाला अस्वस्थ करतात, त्यांच्यावर ताबा आला की निर्विकारता येते आणि सर्व विचार बाजूला सारणे हीच खरी प्रार्थना होय, असे त्याचे प्रतिपादन आहे. सहाव्या शतकात ऑरिजेन या आधीच्या धर्मशास्त्रज्ञाच्या मतांबरोबर इव्हाग्रियसचीही मते निषिद्ध ठरल्यामुळे त्याचा प्रार्थनेवरील ग्रंथ नायलस या दुसऱ्या मठवासी लेखकाच्या नावावर टिकून राहिला, आणि तो मूळचा इव्हाग्रियसचाच असल्याचे विसाव्या शतकात अभ्यासक इरेने होशेर यांनी दाखवून दिले.

इव्हाग्रियसचा भर बुद्धीवर, तर मॅकेरियसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्रवचनांचा भर हृदयावर आहे. ही प्रवचने ईजिप्तच्या मॅकेरियसची नसून चौथ्या शतकाच्या अखेरीस सिरिया किंवा आशिया मायनर या भागात रचली गेली असावीत, असे आता बहुतेक अभ्यासक मानतात. पुढील परंपरेने हे दोन्ही प्रवाह एकत्र आणून ‘बुद्धीला हृदयात उतरविणे’ हे साधनेचे सूत्र ठरविले. पाचव्या शतकात एपायरसमधील फोटिकी येथील बिशप डायाडोकस याने ‘प्रभू येशू’ या नामाचे सतत स्मरण हा विखुरलेल्या मनावरचा उपाय म्हणून सांगितला. सिनाई पर्वतावरील मठाधिपती जॉन क्लायमॅकस (सातवे शतक) याने येशूचे स्मरण श्वासाशी एकरूप व्हावे, म्हणजे निश्चलतेचे मोल कळेल, असे लिहिले. या वाक्यात श्वसनाची प्रत्यक्ष पद्धत अभिप्रेत आहे की केवळ अखंडता, हे वाक्यावरून ठरविता येत नाही. क्लायमॅकसच्या लेखनाची एकंदर ठेवण पाहता दुसरा अर्थ अधिक सरळ वाटतो.

‘प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, मज पाप्यावर दया कर’ हे येशू-प्रार्थनेचे आजचे रूढ रूप. यरीहोजवळच्या आंधळ्याची हाक आणि मंदिरात मागे उभ्या असलेल्या जकातदाराची याचना (दोन्ही लूक, अध्याय १८) यांचा त्यात संयोग झालेला दिसतो. ‘पाप्यावर’ हा शब्द वगळता उरलेली पूर्ण शब्दावली प्रथम ईजिप्तमधील फिलेमोन या तापसाच्या वृत्तांतात येते. त्याचा काळ सहावे किंवा सातवे शतक धरला जातो, पण ही तारीख पक्की नाही. स्वतंत्र पुरावा मिळतो तो केल्लिया येथील एका कुटीत सापडलेल्या कॉप्टिक (ईजिप्तमधील ख्रिस्त्यांच्या भाषेतील) भित्तिलेखाचा. आंत्वान गीयोमों यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेला हा लेख सातव्या-आठव्या शतकांतला असावा. त्यात एक आक्षेप नोंदविला आहे : सतत ‘प्रभू येशू’ म्हणणारा माणूस पित्याला व पवित्र आत्म्याला प्रार्थना करीत नाही, असे भुते त्याच्या मनात भरवितात. त्यावर येशूला केलेली प्रार्थना पित्याला व आत्म्यालाही पोहोचते, असे उत्तर दिलेले आहे. कुटीच्या भिंतीवर असा युक्तिवाद लिहून ठेवण्याची गरज पडावी, यावरून नामप्रार्थना तेथे नुसती माहीत नव्हती, तर तिच्यावर शंका घेण्याइतकी ती रुळलेली होती, असे म्हणता येते.

श्वास आणि आसन यांचा लेखी तपशील मात्र बराच उशिरा मिळतो आणि अभ्यासकांतील खरा वाद येथेच आहे. ‘पवित्र प्रार्थनेची पद्धत’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका छोट्या ग्रंथात साधकाने शांत खोलीत दार लावून एका कोपऱ्यात बसावे, दाढी छातीला टेकवावी, डोळे व मन पोटाच्या मध्यावर, म्हणजे बेंबीवर लावावे, श्वास मोकळा घेऊ नये आणि आत हृदयाचे स्थान शोधावे, असे सांगितले आहे. आरंभी तेथे अंधार आणि न भेदणारा जडपणा भेटतो, नेट धरल्यास अखंड आनंद मिळतो, असेही त्यात म्हटले आहे. हस्तलिखितांत हा ग्रंथ सिमिऑन द न्यू थिऑलॉजियन (९४९–१०२२) याच्या नावावर आहे व पालामासनेही त्याचेच कर्तृत्व मानले होते. होशेर यांनी १९२७ मध्ये याची संपादित आवृत्ती काढताना हे कर्तृत्व नाकारले. सिमिऑनच्या निर्विवाद लेखनात अशी शारीरिक पद्धत कोठेही येत नाही, हा आक्षेप सर्वमान्य झाला आहे. होशेर यांनी सुचविलेला पर्याय म्हणजे तेराव्या शतकातील निकेफोरस हा मठवासी. इटलीत जन्मलेला हा लेखक ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारून ग्रीसमधील अॅथोस या मठांच्या पर्वतावर राहिला आणि रोमशी ऐक्य करणाऱ्या लियॉन येथील धर्मपरिषदेला (१२७४) विरोध केल्याबद्दल त्याला हद्दपारी भोगावी लागली. परंतु निकेफोरसच्या स्वतःच्या ग्रंथात श्वासाबरोबर बुद्धीला नाकपुड्यांच्या वाटेने हृदयात उतरविण्याची रीत असली, तरी बेंबीचा उल्लेख नाही. म्हणून ‘पद्धत’ हा ग्रंथ बाराव्या किंवा तेराव्या शतकातील अज्ञात लेखकाचा समजणे अधिक सुरक्षित होय. रीत लेखी येण्यापूर्वी ती गुरुमुखातून चालत आली असण्याची शक्यताही राहते.

श्वास, देहस्थिती आणि नामोच्चार यांची ही सांगड सूफींच्या ‘जिक्र’शी (ईश्वरनामाच्या जपाशी) आणि भारतीय प्राणायामाशी जुळते, हे साम्य अनेकांनी टिपले आहे. तेराव्या शतकात आशिया मायनरमध्ये ग्रीक मठवासी आणि सूफी जवळजवळ राहत असल्याने देवाणघेवाण अशक्य नव्हती. तथापि ती घडल्याचा लेखी पुरावा उपलब्ध नसून योगाशी थेट संबंध जोडणारी मते तर केवळ साम्यावरच उभी आहेत. मराठी वाचकाला येथे वारकऱ्यांच्या नामस्मरणाची आठवण होणे स्वाभाविक आहे. पण येशू-प्रार्थनेत नामाबरोबर दयेची याचना आणि स्वतःच्या पापीपणाची कबुली अटळपणे येते, हा फरक नजरेआड करता येत नाही.

निकेफोरस मनाच्या हृदयातील प्रवेशाची तुलना दीर्घ प्रवासाहून घरी परतून बायकामुलांना भेटणाऱ्या माणसाच्या आनंदाशी करतो. मात्र ज्याला हे जमत नाही त्याने रीतीचा हट्ट न धरता केवळ प्रार्थनेचे शब्द अंतरात म्हणत राहावे आणि शक्यतो मार्गदर्शक शोधावा, असेही तो सांगतो. सिनाईचा ग्रेगरी (मृत्यू १३४६) याचा सल्ला अधिक व्यवहारी आहे. वीतभर उंचीच्या बैठकीवर बसावे, खांदे-मान दुखली तरी चटकन उठू नये, प्रार्थनेचा कधी पूर्वार्ध तर कधी उत्तरार्ध म्हणावा, पण शब्द वारंवार बदलू नयेत, असे तो लिहितो. प्रकाश, आकृती किंवा देवदूत दिसल्यास त्याकडे लक्ष देऊ नये, हा इशारा त्याच्या लेखनात पुनःपुन्हा येतो. या परंपरेत शांतीच्या शोधातील मोठा धोका अस्वस्थता हा नसून खोट्या शांतीत रमणे हा मानला आहे. म्हणूनच शांतीआधी पश्चात्तापाचे अश्रू, आज्ञापालन आणि विचारांवरील सततची पाळत यांना स्थान आहे. बैठक आणि श्वास ही नवशिक्याची साधने होत. शांती स्वतः देवाची देणगी आहे, ती रीतीने ओढून आणता येत नाही, अशी सर्व प्रमुख लेखकांची भूमिका आहे.

तुर्कांच्या हल्ल्यांमुळे सिनाईचा ग्रेगरी अॅथोस सोडून बल्गेरियाच्या सीमेवरील परोरिया येथे गेला आणि तेथून त्याच्या शिष्यांनी ही साधना स्लाव्ह प्रदेशांत नेली. याच सुमारास दक्षिण इटलीतील कॅलाब्रियाहून आलेला विद्वान बार्लाम (मृत्यू १३४८) याने अॅथोसवरील साधकांची ‘बेंबीत आत्मा असणारे’ अशी थट्टा केली. देव अज्ञेय असेल, तर त्याचा प्रकाश डोळ्यांनी दिसल्याचा दावा खोटा किंवा पाखंडी ठरतो, हा त्याचा मुद्दा होता. ग्रेगरी पालामास (सु. १२९६–१३५९) याने १३३८ ते १३४१ या काळात लिहिलेल्या उत्तरांत देहाची बाजू घेतली : देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर असल्याने मन देहात परत आणण्यात काहीही अनुचित नाही. देवाचे तत्त्व (उसिया) अगम्य, पण त्याच्या शक्ती (एनर्जिया) अनिर्मित असूनही अनुभवगम्य आहेत आणि साधकाला दिसणारा प्रकाश हा ताबोर डोंगरावर येशूच्या रूपांतराच्या वेळी शिष्यांना दिसलेलाच प्रकाश होय, असा सिद्धांत त्याने मांडला. जून १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथील धर्मसभेने बार्लामविरुद्ध निर्णय दिला. तो इटलीला परतून जेराचे येथे बिशप झाला. इटालियन कवी पेट्रार्क याला त्याने ग्रीकचे प्राथमिक धडे दिले होते. १३४१ नंतरच्या बायझंटिन यादवी युद्धात पालामासला कैद घडली, पण १३४७ आणि १३५१ च्या धर्मसभांनी त्याचे मत उचलून धरले. १३४७ मध्ये तो थेस्सलोनिकीचा आर्चबिशप झाला आणि १३६८ मध्ये त्याला संतपद देण्यात आले. ईस्टरपूर्व उपवासकाळाचा दुसरा रविवार ऑर्थोडॉक्स पंथात त्याच्या स्मरणार्थ पाळतात. मार्टिन जुगी यांच्यासारख्या कॅथलिक अभ्यासकांनी हा सिद्धांत नवनिर्मित व सदोष मानला होता. मेयेनडॉर्फ यांच्या १९५९ मधील संशोधनानंतर हा सूर सौम्य झाला असला, तरी बार्लामचे त्यांनी रंगविलेले चित्र एकांगी असल्याची टीका पुढे झाली व ती रास्त दिसते.

पंधराव्या ते सतराव्या शतकांतील ही परंपरा तुटक स्वरूपातच समोर येते. तिचे पुनरुज्जीवन घडले ते कॉरिंथचा मॅकेरियस आणि अॅथोसचा निकोडेमस यांनी संकलित करून १७८२ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या ‘फिलोकॅलिया’ या प्रार्थनाविषयक लेखनाच्या ग्रीक संग्रहामुळे. मोल्डेव्हियातील न्याम्ट्स मठाचा प्रमुख पैसी वेलिच्कोव्हस्की (१७२२–१७९४) याचे स्लाव्होनिक भाषांतर १७९३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातून रशियातील ऑप्टिना मठातील वडीलधाऱ्या मार्गदर्शकांची परंपरा बळावली आणि साधना मठाबाहेरच्या गृहस्थांपर्यंत पोहोचली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कझान येथे छापलेल्या, एका अनामिक यात्रेकरूच्या आत्मकथनात दिवसाला तीन हजार, मग सहा हजार, मग बारा हजार वेळा प्रार्थना म्हणण्याचा क्रम आला आहे. मठांतील नेहमीची रीत यापेक्षा माफक असते. लोकरीच्या काळ्या दोऱ्याला तेहतीस, पन्नास, शंभर किंवा तीनशे गाठी मारलेली जपदोरी (ग्रीक ‘कोंबोस्किनी’, रशियन ‘चोत्की’) हाती घेऊन मार्गदर्शकाने ठरवून दिलेली संख्या पुरी केली जाते.

विसाव्या शतकाच्या आरंभी अॅथोसवरील रशियन मठवाशांत देवाच्या नामातच देव उपस्थित असतो, या मतावरून तीव्र वाद पेटला. रशियन धर्मपीठाने १९१३ मध्ये हे मत निषिद्ध ठरविले आणि त्याच वर्षी रशियन आरमाराच्या मदतीने शेकडो मठवाशांना जबरदस्तीने मायदेशी नेण्यात आले. सिलुआन (१८६६–१९३८) आणि जोसेफ द हेसिकास्ट (मृत्यू १९५९) हे अॅथोसवरील अलीकडचे प्रमुख साधक होत. ओस पडत चाललेले तेथील अनेक मठ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा वसले, त्यांत जोसेफच्या शिष्यांचा मोठा वाटा आहे.