पहिला हिसका

बास मासा आमिषाला चावत नाही, ते आत ओढून घेतो. लार्जमाउथ (मोठ्या तोंडाच्या) बासचा वरचा जबडा तोंड मिटलेलं असतानाही डोळ्याच्या मागपर्यंत जातो. तोंड उघडलं की आतली पोकळी एकदम वाढते, दाब घटतो आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर आमिष आत जातं. हाताला कळतो फक्त 'टक्' असा बारीक ठोका. कधी तोही नाही, दोरी नुसतीच सैल पडते. तेव्हाही गळ ओढायचा असतो.

बास दबा धरून बसणारा शिकारी. पाणवनस्पतींची कड, बुडालेलं खोड, सावली, तिथंच आमिष टाकावं. पाणी गार असेल तर त्याचं शरीरही मंदावतं, म्हणून आमिष अगदी हळू, थांबत थांबत ओढायचं. १५ ते २० अंश सेल्सिअसला तो विणीसाठी उथळ पाण्यात येतो. तिथं नर घरट्याची राखण करतो, त्याला पकडलं तर पटकन सोडावं.

खरी परीक्षा मासा पळाला की. दोरी गुंडाळणाऱ्या रिळातला ड्रॅग, म्हणजे दोरीला अटकाव करणारा ब्रेक, हा एकावर एक रचलेल्या चकत्यांचा असतो. त्या घासत सरकतात, दोरी सुटते आणि मासा दमतो. पण जड कपाट ढकलताना पहिला धक्काच जोरात द्यावा लागतो ना, तसंच इथं: सरकत राहण्यापेक्षा जागचं हलायला बळ जास्त लागतं. चकत्या मळल्या, चिकटल्या की हा फरक आणखी वाढतो. पहिल्या हिसक्याला ताण चढतो आणि दोरी गाठीपाशी तुटते. मग 'मासा केवढा होता!' हे आपण सांगत सुटतो.

ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर लावावा. ४ किलोच्या दोरीला साधारण १ ते १.३ किलो, ताणकाट्यानं मोजून. दोरी झटक्यानं न येता एकसारखी यायला हवी. आणि मासा लांब गेला म्हणून ड्रॅग आवळू नका. स्पूलवरची, म्हणजे रिळातल्या दोरीच्या चाकावरची, दोरी संपत जाते तशी गुंडाळीची त्रिज्या घटते. ती निम्मी झाली की तोच ड्रॅग दुप्पट ओढ मागतो, म्हणजे तो आपोआपच आवळलेला असतो.

परत आल्यावर ड्रॅग घट्ट करून रीळ साध्या, मंद धारेखाली धुवावं. जोराचा फवारा रेती थेट बेअरिंगमध्ये ढकलतो. पुसून झालं की ड्रॅग पूर्ण सैल करावा, नाहीतर चकत्या दबून राहतात. दातेरी चाकांना ग्रीस, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब. हँडल उलटं फिरू न देणाऱ्या बेअरिंगला मात्र ग्रीस लावू नये. त्यातले रूळ घर्षणानंच अडकतात, ते निसटू लागले की हँडल मागं फिरतं.

रीळ उघडाल तेव्हा पांढरं फडकं अंथरा आणि प्रत्येक भाग निघेल त्या क्रमानं ठेवा. माझी एक स्प्रिंग उडाली ती अजून सापडलेली नाही.