'काँग्रेस', 'स्टेट', 'फेडरल': सुरुवातीच्या अमेरिकेतले शब्द कुठून आले

अमेरिकेच्या पहिल्या पन्नासेक वर्षांचा इतिहास वाचताना मराठी वाचक अडखळतो तो ओळखीच्याच शब्दांवर. काँग्रेस म्हटलं की आपल्याला पक्ष आठवतो. अठराव्या शतकात मात्र वेगवेगळ्या सत्तांच्या दूतांची बैठक म्हणजे काँग्रेस. १७७४ मध्ये फिलाडेल्फियात १२ वसाहतींचे प्रतिनिधी जमले (जॉर्जिया आली नव्हती), ती बैठक याच अर्थाने काँग्रेस होती. 'स्टेट'चंही तसंच. १७७६ मध्ये वसाहतींनी स्वतःला स्टेट म्हणवलं ते सार्वभौम देश या अर्थाने. आपल्याकडचं 'राज्य' डोक्यात ठेवलं तर पुढची सगळी भांडणं हट्टीपणाची वाटू लागतात.

या १३ स्टेट्सना बांधणारा पहिला करार म्हणजे 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन'. काँग्रेसने तो नोव्हेंबर १७७७ मध्ये स्वीकारला, पण लागू झाला १ मार्च १७८१ ला, कारण व्हर्जिनियासारखी स्टेट्स पश्चिमेकडच्या जमिनींवरचा दावा सोडेपर्यंत मेरीलँड सही करेना. स्टेट लहान असो की मोठं, मत एकच. महत्त्वाच्या निर्णयाला ९ मतं लागत, करारात बदल करायचा तर तेराच्या तेरा. वेगळं कार्यकारी मंडळ नव्हतं. 'प्रेसिडेंट' होता, पण तो बैठकीचा अध्यक्ष, हातात ना फौज ना नकाराधिकार. त्यामुळे १७८१ मधल्या जॉन हॅन्सनला 'अमेरिकेचा खरा पहिला राष्ट्राध्यक्ष' ठरवणारे लेख वाचले की समजावं, लेखक एका शब्दाला फसला आहे.

या व्यवस्थेची मेख पैशात होती. काँग्रेसला कर बसवता येत नव्हता. ती स्टेट्सकडे 'रिक्विझिशन', म्हणजे ठरावीक रकमेची मागणी पाठवायची. पैसे आले नाहीत तर पुढे काय, याचं कलमच नव्हतं. युद्धाचं कर्ज फेडायला आयात मालावर ५ टक्के कर घेऊ द्या, ही सूचना १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने पडली. दुसऱ्या खेपेला न्यूयॉर्कने अडवली. तिकडे मॅसॅच्युसेट्सने स्वतःचं कर्ज फेडायला रोख नाण्यात कर मागितला. नाणं शेतकऱ्याकडे नव्हतं, जमिनीवर जप्त्या आल्या आणि १७८६ मध्ये डॅनियल शेज वगैरे शेतकऱ्यांनी कोर्टं बंद पाडली. हे बंड मोडायला काँग्रेसला फौज उभारता आली नाही. बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढून ती उभी केली. मे १७८७ मध्ये फिलाडेल्फियात घटना परिषद भरली आणि तिने जुन्या कराराच्या जागी नवी घटना लिहिली, तेव्हा या बंडाची भीती ताजी होती.

'फेडरल'चा गोंधळ इथूनच. तेव्हाच्या बोलीत 'फेडरल' आणि 'कॉन्फेडरल' जवळपास समानार्थी होते: स्वतंत्र सत्तांचा करार. नव्या घटनेत केंद्र बळकट होतं, तरी तिच्या समर्थकांनीच 'फेडरलिस्ट' हे नाव चलाखीने उचललं. ज्यांना खरोखर जुन्या अर्थाचा संघ हवा होता, त्यांच्या माथी 'अँटी-फेडरलिस्ट' हा शिक्का बसला. नावावरून भूमिका ओळखायला जाणारा हमखास उलटं लिहितो. ४ नोव्हेंबर १९४८ ला डॉ. आंबेडकरांनी आपल्या घटना समितीत 'फेडरेशन'ऐवजी 'युनियन' का, हे सांगितलं, त्यामागेही हाच फरक होता: भारताचा संघ घटकांच्या करारातून झालेला नाही, म्हणून कोणालाही फुटून निघण्याचा हक्क नाही.

सर्वांत जास्त चुकीचं सांगितलं जातं ते 'तीन-पंचमांश कलम', म्हणजे लोकसंख्या मोजताना दर पाच गुलामांमागे तीन माणसं धरण्याचा नव्या घटनेतला नियम. 'गुलामाला तीन-पंचमांश मत होतं' हे साफ खोटं. त्याला मतच नव्हतं. हा अपूर्णांक मुळात १७८३ चा, स्टेट्समध्ये खर्च वाटण्यासाठी सुचवलेला. तेव्हा दक्षिणेला गुलाम कमी मोजायला हवे होते, कारण पैसे भरायचे होते. १७८७ मध्ये प्रतिनिधिगृहातल्या, म्हणजे नव्या काँग्रेसच्या खालच्या सभागृहातल्या जागा लोकसंख्येवर ठरणार म्हटल्यावर त्याच दक्षिणेला ते पूर्ण मोजायला हवे झाले. समजा, एखाद्या स्टेटमध्ये १,२०,००० स्वतंत्र माणसं आणि १,००,००० गुलाम आहेत. ३०,००० मागे एक जागा धरली तर नुसत्या स्वतंत्र माणसांवर ४ जागा मिळतात. गुलामांचे तीन-पंचमांश, म्हणजे ६०,००० मिळवले की ६, आणि सगळे मोजले तर ७. अध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळातली मतं प्रतिनिधी अधिक २ सिनेटर (वरच्या सभागृहाचे सदस्य) एवढी, म्हणून तिथेही ६ ची ८ होतात. घटनेत 'गुलाम' हा शब्द मात्र नाही. आहे ते 'इतर सर्व व्यक्ती'.

घटनेला ९ स्टेट्सची मंजुरी पुरेशी होती. नववं न्यू हॅम्पशायर, २१ जून १७८८. ऱ्होड आयलंडने मे १७९० मध्ये ३४ विरुद्ध ३२ मतांनी होकार दिला.

'बिल ऑफ राइट्स', म्हणजे नागरिकांच्या हक्कांच्या घटनादुरुस्त्या, ही अँटी-फेडरलिस्टांच्या मागणीची फेड. काँग्रेसने १२ दुरुस्त्या पाठवल्या, १५ डिसेंबर १७९१ पर्यंत १० मंजूर झाल्या. आजची 'पहिली दुरुस्ती' त्या यादीत तिसरी होती. तिच्या वरच्या दोन्ही मागे पडल्या, आणि त्यांतली काँग्रेस सदस्यांच्या वेतनाबद्दलची थेट १९९२ मध्ये सत्ताविसावी म्हणून घटनेत आली. ही बंधनं फक्त केंद्रावर होती, हे सर्वोच्च न्यायालयाने १८३३ मध्ये बॅरन विरुद्ध बाल्टिमोर खटल्यात स्पष्ट केलं. म्हणून धर्मस्वातंत्र्याची पहिली दुरुस्ती असूनही मॅसॅच्युसेट्समध्ये चर्चसाठीचा कर त्याच वर्षापर्यंत कायदेशीरपणे वसूल होत होता.