प्रसंग उभा करा, मग मध्येच थांबवा : युवा कार्यकर्त्यांसाठी नाट्य प्रशिक्षण

वस्तीतली अभ्यासिका, राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर, गणेश मंडळ, वसतिगृह अशा ठिकाणी तरुण मुलामुलींसोबत काम करणाऱ्यांसाठी आम्ही नागपुरात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतो. चौकशीला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आमच्यात कोणालाच अभिनय येत नाही, चालेल का?" चालेल. स्टेज, माईक, मेकअप यातलं काहीच लागत नाही.

आमचा मुख्य भर फोरम थिएटरवर असतो. ब्राझीलचे दिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ही पद्धत घडवली. पश्चिम बंगालमधली 'जन संस्कृती' ही संस्था ती कित्येक वर्षं गावोगावी वापरत आली आहे. ती कशी चालते, हे आपल्याकडच्या प्रसंगातूनच सांगतो.

पानठेला. चार मित्र. एक जण पन्नीत खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटतोय, दुसरा म्हणतो, "अबे, खाऊन तं पाय, काही नाई होत." नवा मुलगा आधी नाही म्हणतो, मग हसतो, मग हात पुढे करतो. प्रसंग इथे संपतो आणि लगेच पहिल्यापासून सुरू होतो. या वेळी बघणाऱ्यांपैकी कोणीही "थांबा" म्हणून त्या मुलाच्या जागी उभं राहू शकतं. पहिला येतो तो हमखास कॅन्सरवर भाषण देतो आणि मित्र त्याची टर उडवतात. दुसरी दात दुखण्याचं निमित्त सांगते. आजचं भागतं, पण उद्या काय? तिसरा चौघांपैकी त्यातल्या त्यात जवळच्याला बाजूला घेऊन बोलतो, आणि तिथे काहीतरी हलतं. भाषणाचा उपयोग का होत नाही, हे कार्यकर्त्याला दहा मिनिटांत स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. तासाभराच्या व्याख्यानातून हे कळत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

यात एक नियम आम्ही सोडत नाही. बदलायचं ते अडचणीत सापडलेल्याचं वागणं. खर्रा देणारा मित्र अचानक सज्जन झाला, तर तो प्रसंग आम्ही बाद धरतो. हा सगळा खेळ चालवणाऱ्याला या पद्धतीत 'जोकर' म्हणतात. त्याने उत्तर द्यायचं नसतं, प्रश्न विचारायचे असतात. दोन दिवसांतला सर्वाधिक वेळ या सरावाला जातो, कारण उत्तर देण्याची सवय सुटता सुटत नाही.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली भागातून येणाऱ्यांना दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं घरचीच असतात. त्यांनी ती जरूर आणावीत. नागपूरकरांना तर तान्ह्या पोळ्याच्या दिवशीचे बडगे ठाऊकच आहेत: वर्षभरातला संताप पुतळ्यावर काढायचा आणि "घेऊन जा गे मारबत!" म्हणत मिरवायचा. तरुणांना कशाची चीड येते, हे काढून घ्यायला आम्ही गटाला कागदाचा छोटा बडग्या करायला सांगतो. प्रश्नावलीपेक्षा हे पुष्कळ बोलकं ठरतं.

काळजीची बाब एकच, पण मोठी. कोणालाही स्वतःची जखम सगळ्यांसमोर वठवायला लावायची नाही. नाव, घर, नातं बदलूनच प्रसंग घ्यायचा. तरीही खेळताना एखादं मूल काही सांगून जातं. १८ वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८. अशा वेळी मुलाशी काय बोलायचं आणि काय टाळायचं, याचा सराव आम्ही वेगळा घेतो. त्या सत्रातून कोणालाही सूट नाही.

गट २० ते २५ जणांचा. सतरंजी टाकून गोलात बसता येईल एवढी खोली, पंखे, पिण्याचं पाणी आणि सैल कपडे पुरेत. एप्रिल-मे महिन्यांत सत्रं सकाळी सातला सुरू करून अकराला थांबवतो, त्यामुळे तेव्हा दोनाऐवजी चार सकाळी लागतात. शुल्क गटाचा आकार आणि ठिकाण पाहून आधीच लेखी कळवतो. नोंदणी करताना तुमच्या मुलामुलींमध्ये सध्या अडलेला एक खरा प्रसंग, नावं न घालता, चार ओळींत लिहून द्या. पहिल्या सकाळी सुरुवात त्यानेच होते.