जपानी कैदेतल्या सैनिकांच्या याद्या: पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर कसं पडलं, जपान्यांनी कैद्यांकडून बांधून घेतलेल्या बर्मा रेल्वेवर काय झालं हे बहुतेकांनी कुठे ना कुठे वाचलेलं किंवा पाहिलेलं असतं, त्यामुळे ते परत उगाळत नाही. इथे प्रश्न फक्त कागदांचा आहे. कोण कुठल्या छावणीत होता, कधी गेला, कुठे पुरला, हे आज आपल्याला कशावरून कळतं आणि ते कागद टिकले कसे.

जपानने युद्धकैद्यांबद्दलच्या १९२९ च्या जिनिव्हा करारावर सही केली होती पण त्याला मंजुरी कधी दिलीच नाही. तरीपण युद्ध सुरू होताच डिसेंबर १९४१ मध्ये टोकियोत युद्धखात्याच्या हाताखाली कैद्यांची माहिती ठेवणारं एक ऑफिस उघडलं गेलं. आज जी सगळ्यात जास्त शोधली जातात ती कार्डं याच व्यवस्थेतली. एका माणसाचं एक कार्ड, रकाने इंग्रजीत आणि जपानीत छापलेले: नाव, हुद्दा, युनिट, जन्मतारीख, कुठे आणि कधी पकडला, मूळ गाव, धंदा, आणि बापाबरोबर आईचंही नाव. वर्षं शोवा पद्धतीची, म्हणजे शोवा १७ म्हणजे १९४२. त्यामुळे १७-२-१५ असं दिसलं की नवा माणूस हमखास गोंधळतो, ती सिंगापूरच्या शरणागतीची तारीख आहे. कार्डावर लाल तिरप्या रेघा मारलेल्या असतील तर माणूस कैदेतच वारला. ब्रिटनकडे अशी ५० हजारांवर कार्डं आहेत, डचांकडे त्यांची वेगळी, कारण युद्धानंतर ती देशवार वाटली गेली.

पण कार्ड भरलं म्हणजे घरी कळलं असं अजिबात नव्हतं. नावं रेडक्रॉसमार्फत फार हळू आणि तुटक तुटक बाहेर यायची, घरच्यांनी वर्ष वर्ष नुसत्या ‘बेपत्ता’ या शब्दावर काढलं.

दुसरा साठा कैद्यांनी स्वतःच केलेला आणि माझ्या मते तोच जास्त भरवशाचा. सिंगापूरच्या चांगी छावणीमध्ये शरणागतीनंतर थोड्याच दिवसांत कैद्यांनी आपलं नोंदणी ऑफिस काढलं, रजिस्टर ठेवले, कामावर जाणाऱ्या तुकड्यांच्या याद्या केल्या आणि परत आलेल्यांना विचारून विचारून कोण वाटेत गेला ते लिहून घेतलं. रेल्वेवरच्या छावण्यांत हे लपूनछपून चालायचं. सापडलं तर मार ठरलेला, म्हणून कागद बांबूत कोंबले जायचे, डब्यात घालून पुरले जायचे, काही तर थेट मेलेल्या सोबत्यांच्या कबरीत ठेवले. सप्टेंबर १९४५ मध्ये कबरी शोधायला एक छोटी तुकडी रेल्वेच्या मार्गावरून फिरली तेव्हा असे पुरलेले कागद उकरून काढले गेले, आणि त्या एका फेरीत १४४ दफनभूमींमध्ये १० हजारांहून जास्त कबरी नोंदल्या गेल्या. आज थायलंडमध्ये कांचनबुरीच्या युद्धस्मशानात जी दगडांवरची नावं दिसतात त्यामागे हे काम आहे, कुठल्या सरकारची कृपा नाही.

ऑगस्ट १९४५ मध्ये जपानी बाजूने बरंच काही जाळलं गेलं. २० ऑगस्टची एक तार प्रसिद्ध आहे, छावण्यांच्या टोकियोतल्या प्रमुखाकडून गेलेली. ज्यांनी कैद्यांना वाईट वागवलं त्यांनी बदली घ्यावी किंवा पत्ता न ठेवता निघून जावं, आणि शत्रूच्या हाती पडल्यास अडचणीचे ठरतील असे कागद नष्ट करावेत. गंमत म्हणजे ती तार स्वतः शाबूत राहिली आणि टोकियोच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल झाली.

आता तो विषय ज्यावर अजून भांडणं होतात: माँटेव्हिडिओ मारू या बोटीची यादी. २२ जून १९४२ ला ही जपानी बोट न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावरल्या रबाउलहून, कैद केलेले ऑस्ट्रेलियन सैनिक आणि नागरिक घेऊन निघाली, आणि १ जुलैला फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटाजवळ अमेरिकन पाणबुडीने ती बुडवली. बोटीवर कैदी आहेत हे पाणबुडीला माहीत नव्हतं. एकही कैदी वाचला नाही. जपानी नौदलाने १९४३ च्या सुरुवातीलाच नावांसकट सगळा तपशील टोकियोच्या त्या ऑफिसला दिला होता, तो तिथेच पडून राहिला आणि ऑस्ट्रेलियातल्या घरच्यांना कळलं ते १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर, जपानी भाषा येणारा एक ऑस्ट्रेलियन अधिकारी टोकियोत जाऊन फायली चाळून आला तेव्हा. इथपर्यंत दोष जपानचा, त्यात वाद नाही. पुढचा मात्र नाही. ती यादी ऑस्ट्रेलियात पोचली आणि सरकारी कपाटांत कुठेतरी हरवली. सगळीकडे १०५३ हा आकडा छापला जात राहिला, ८४५ सैनिक आणि २०८ नागरिक, पण तो आकडा ज्या नावांवरून आला ती नावं कोणाला दाखवता येत नव्हती! मग व्हायचं तेच झालं, सैनिक बोटीवर नव्हतेच, त्यांना रबाउललाच मारलं आणि बोटीची गोष्ट पांघरूण म्हणून रचली असं मानणारे तयार झाले, आणि त्यांना वेडं म्हणणं सोपं असलं तरी कागद हरवणाऱ्यांनीच त्यांना जागा करून दिली होती. शेवटी २०१२ मध्ये जपान सरकारने आपल्याकडच्या प्रतीचे स्कॅन दिले. नावं काताकाना या जपानी लिपीत, तिथे ल आणि र एकच, शेवटी नको तिथे उ लागलेला, त्यामुळे प्रत्येक नाव लष्करी नोंदींशी ताडून परत बसवावं लागलं. २०२३ च्या एप्रिलमध्ये ४ हजार मीटरपेक्षा खोल पाण्यात बोटीचा सांगाडा सापडला, आता ऑस्ट्रेलियन मृतांचा आकडा ९७९ सांगतात.

यापेक्षा कमी गाजलेला पण तितकाच अंगावर येणारा निर्णय १९५८ चा. अमेरिकेने जप्त करून नेलेले जपानी लष्कराचे मूळ कागद जपानला परत केले आणि त्याआधी मायक्रोफिल्म झाली ती जेमतेम ५ टक्क्यांची. या निर्णयाच्या बाजूचे लोक सांगतात की वाचणारे कोणी नव्हते, जपान आता दोस्त झाला होता आणि खटल्यांचे पुरावे काही परत केले नव्हते. ठीक आहे, पण पूर्ण प्रत काढायला कोणी अडवलं होतं? २००० मध्ये अमेरिकन संसदेने युद्धकाळातल्या जपानी सरकारच्या कागदांसाठी खास कायदा केला तेव्हा हा प्रश्न परत वर आला.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत काम बरंच पुढे गेलं आणि त्यातलं मोठं काम हौशी लोकांचं आहे. जपानमधल्याच एका अभ्यासगटाने, २००२ पासून, जपानच्या भूमीवर वारलेल्या साधारण साडेतीन हजार कैद्यांची नाववार यादी करून इंटरनेटवर टाकली. डच कार्डांचे स्कॅन घरबसल्या दिसतात.

आपल्याकडच्या वाचकाला यात भारतीय कुठे असा प्रश्न पडणारच. सिंगापूरला ४० हजारांच्या आसपास भारतीय सैनिक हाती लागले, बरेच आझाद हिंद फौजेत गेले, जे गेले नाहीत त्यातल्या हजारोंना न्यू गिनी, न्यू ब्रिटनकडे कामाला पाठवलं. जपान्यांच्या लेखी ते कैदी नव्हतेच, स्वखुशीने आलेले मजूर होते, आणि युद्धानंतर रबाउलला चाललेल्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत बचावपक्षाने हाच मुद्दा लावून धरला की कैदीच नाहीत तर युद्धकैद्यांच्या छळाचा गुन्हा कसला. कोर्टात नावं उभी राहिली ती वाचलेल्यांच्या तोंडून. न्यू गिनीतल्या अंगोरामला सुटलेल्या अकरा भारतीयांपैकी दहा जण नोव्हेंबर १९४५ मध्ये घरी निघाले आणि त्यांचं विमान कोसळलं, साक्षीसाठी मागे ठेवलेला एकच राहिला. रेल्वेवर राबवलेल्या मलायातल्या तमिळ आणि इतर आशियाई मजुरांचं तर आणखी वाईट, ते संख्येने कैद्यांच्या कितीतरी पट होते पण कैद्यांसारखं माणशी कार्ड त्यांच्यासाठी कोणी केलंच नाही, त्यामुळे त्यांच्या मृतांचे नुसते अंदाज आहेत आणि ते अंदाजही एकमेकांशी जुळत नाहीत.