तबकडीला क्वार्ट्झचा लगाम

मोटरचा वेग सांभाळण्याची धडपड फार जुनी. चावीच्या ग्रामोफोनमध्ये ते काम गरगरणाऱ्या वजनांचा गव्हर्नर करायचा. विजेवरच्या चांगल्या टर्नटेबलांत सिंक्रोनस मोटर आली, तेव्हा वेगाची दोरी घरातल्या विजेच्या फ्रिक्वेन्सीकडे गेली. आपल्याकडे ती ५० हर्ट्झ, अमेरिकेत ६०. म्हणून तिकडचं यंत्र इथे लावलं की गाणं रेंगाळायचं.

ही दोरी पुढे हातात घेतली फेज-लॉक्ड लूपने, म्हणजे पीएलएलने: एका सिग्नलचा ताल दुसऱ्याशी सतत जुळवून ठेवणारं सर्किट. पण तो मोटरसाठी जन्मलाच नव्हता. फ्रेंच अभियंता आंरी द बेलसीझ यांनी १९३२ साली तो मांडला रेडिओग्रहणासाठी. पुढे टीव्हीच्या चित्राच्या ओळी जागेवर ठेवायला तो वापरला गेला. सुटे भाग जोडून असं सर्किट करणं महागात पडे. १९७०च्या सुमारास सिग्नेटिक्स या अमेरिकी चिप कंपनीने ते एका चिपवर आणलं आणि वाट मोकळी झाली.

मोटरच्या बाबतीत गंमत अशी, की लूपमधल्या ऑसिलेटरची, म्हणजे तालात सिग्नल देणाऱ्या भागाची, जागा खुद्द मोटरच घेते. शाफ्टवरचा सेन्सर दर फेऱ्याला ठरावीक पल्स देतो आणि त्या पल्स क्वार्ट्झ क्रिस्टलच्या, म्हणजे नेमक्या तालात कंप पावणाऱ्या स्फटिकाच्या, पल्सशी ताडल्या जातात. साधा सर्वो, म्हणजे आपोआप वेग सावरणारी यंत्रणा, वेगातली चूक मोजतो. मोटरवर भार आला की थोडी चूक शिल्लक राहतेच, कारण तिच्याच जोरावर तो चालतो. पीएलएल फेज मोजतो, म्हणजे एक पल्स दुसरीच्या किती मागेपुढे आहे ते. फेजमधला फरक ही वेगातल्या चुकीची साठत गेलेली बेरीज, त्यामुळे लॉक लागला की सरासरी वेग क्रिस्टलइतका नेमका होतो. अडचण जडत्वाची. रेडिओतला ऑसिलेटर इशाऱ्यासरशी बदलतो, जड तबकडी नाही. चुकीचा सिग्नल गुळगुळीत करणारा लूपमधला फिल्टर नीट जमला नाही तर ती वेगाच्या मागेपुढे हेलकावत राहते. शिवाय मोटर शून्यापासून सुरू होते, म्हणून फेजसोबत फ्रिक्वेन्सीतला फरकही ओळखणारा डिटेक्टर लागतो.

माट्सुशिता या जपानी कंपनीचा टेक्निक्स एसपी-१० हा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल १९७० साली बाजारात आला. मिनिटाला ३३⅓ फेरे इतक्या संथ मोटरवर तबकडी थेट बसवलेली. मधे हिसके गिळायला पट्टा नाही. क्वार्ट्झ लॉक, म्हणजे क्रिस्टलशी जुळवणारा पीएलएल, आला तो १९७५च्या मार्क २ मध्ये. १९७९चा एसएल-१२०० मार्क २ डीजेंनी उचलला, पण त्यांना आवडली ती त्या लॉकमधून सुटायची सोय: वेग ८ टक्के वर-खाली करणारी सरकपट्टी!

१९८२च्या सीडी प्लेअरमध्ये तर ठरलेला वेगच उरला नाही. आतल्या कडेला मिनिटाला सुमारे ५०० फेरे, बाहेर येईपर्यंत २००. क्रिस्टलशी जुळवायचा तो डिस्कवरून वाचलेल्या बिट्सचा ताल. मोटरने किती फिरायचं, ते त्यावरून ठरतं.